इलेक्ट्रिक चेनसॉ, आईचा चावणारा फ्रिज आणि गोठ्यातला बल्ब

मागच्या गणपतीला गावी जाताना सामानात एक खोकं जास्त होतं. कोकणकन्येत ते सीटखाली सरकवताना समोरच्या काकांनी विचारलंच, मोदकपात्र का? म्हटलं नाही, करवत. त्यानंतर कुडाळ येईपर्यंत काकांनी माझ्याशी विशेष गप्पा मारल्या नाहीत.

तर चेनसॉ. इलेक्ट्रिक, वायरवाला, 2000 वॉट, 16 इंची पट्टी. ऑनलाइन मागवला होता. घरामागे पाणंदीला लागून आमचा जुना फणस आहे त्याची एक मोठी फांदी जूनच्या वादळात मोडून आडवी पडली होती, रस्ता बंद, आणि आई फोनवर रोज त्या फांदीचीच बातमी द्यायची. गावात माणूस मिळत नाही, कुऱ्हाड चालवणारे जे उरलेत ते सगळे पंच्याहत्तरीच्या पुढचे. पेट्रोलवाला घे असं भाच्याने सांगितलं होतं, पण मी वर्षातून दोनदा गावी जाणार, मध्ये दहा महिने मशीन माळ्यावर पडणार, कार्बोरेटर चोक होणार, मग ते मेकॅनिककडे न्या. बॅटरीवाला परवडेना. वायरवाल्याला काय, प्लग लावला की चालू. असं मला वाटत होतं.

आमचं घर चिऱ्याचं, वायरिंग 1984 चं, बाबांनी स्वतः उभं राहून करून घेतलेलं. लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी, काळे गोल स्विच, मीटरखाली दोन किटकॅट फ्यूज, म्हणजे ओढून काढायचे चिनी मातीचे, आत तार घालायचे. त्या फ्यूजमध्ये फ्यूजवायर किती साली होती देव जाणे, मला आठवतं तेव्हापासून त्यात साध्या वायरची तांब्याची तार पिळून घातलेली आहे, "परत परत उडता म्हणून". अर्थिंगचा पाइप मागे गोठ्याजवळ जमिनीत ठोकलेला. म्हणजे सगळं होतं हो, कागदावर बघितलं तर काहीच कमी नव्हतं.

गणपती आणायच्या आदल्या दिवशी सकाळी सुरुवात केली. पहिली अडचण प्लगची. मशीनला जाडा गोल दोन पिनांचा प्लग, परदेशी टाइपचा, आपल्या बोर्डात जातो पण ढिला बसतो, पिना आपल्यापेक्षा किंचित बारीक असतात त्यामुळे आत पकड येत नाही. मी काय केलं, जे आपण सगळे करतो तेच केलं, आगपेटीची काडी खोचली. दुसरी अडचण अंतराची. ओटीवरच्या बोर्डापासून फणसापर्यंत चाळीस मीटर तरी भरतील. घरात गणपतीच्या माळांसाठी ठेवलेली पांढरी दोन तारांची वायर होती, पंचवीसेक मीटर, तिला अजून एक तुकडा जोडला, जोडावर काळी टेप गुंडाळली, चार वेढे जास्तच मारले, म्हटलं सेफ्टी फर्स्ट.

मशीन चालू झालं. पण जोर नाही. चेन लाकडात घातली की आवाज खाली बसतोय, गुर्र करून दम टाकतोय, तीन-चार मिनिटांत मोटारीच्या जाळीतून गरम वास. मला वाटलं माल खराब लागला, मनातल्या मनात रिव्ह्यू लिहायला पण घेतला होता एक स्टारचा. मग वायर पुढे येईना, बघितलं तर मागे करवंदीच्या जाळीत अडकलेली. मशीन खाली ठेवलं, प्लग काढणं वगैरे डोक्यातही आलं नाही, मागे गेलो आणि गवतातून वायर उचलून ओढली. माझा हात नेमका त्या जोडावर.

आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला, गवत गुडघाभर आणि चिंब, पायात झिजलेली स्लीपर तीही ओली. झटका लिहून सांगता येत नाही. दंडापर्यंत कोणीतरी आतून पिळून काढतंय असं, आणि मी ओरडलो असं मला वाटत होतं पण आवाज आला नव्हता म्हणे. बरं झालं की बोटं जोडावर पूर्ण वळली नव्हती, मी मागे कोलमडलो आणि हात सुटला. नीट मूठ आवळली असती तर सुटली नसती, करंट लागला की स्नायू आखडतात आणि माणूस तीच वायर अजून घट्ट धरतो, हे नंतर कळलं. करवंदीत बसलो होतो, काटे टोचतायत हे कळायलाही थोडा वेळ गेला. फ्यूज उडाला नाही, मीटर फिरत होतं, ओटीवर रेडिओ चालू होता. घराला काही पत्ताच नव्हता.

आई आली, आधी मेन बंद केला आणि मग तोंड सुरू. "मेल्या, सणाच्या तोंडार ह्या काय करून घेतलंस!" पुढचं लिहीत नाही. छातीत धडधड होत होती म्हणून चुलतभावाने बाइकवर बसवून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ईसीजी काढला, ठीक होता. करंट लागून माणूस उठून चालायला लागला तरी एकदा दाखवून यावं असं ते म्हणाले ते इथे लिहून ठेवतो, कारण मी जाणारच नव्हतो.

सणात वायरमन मिळणं म्हणजे काय ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको. प्रत्येक वाडीत माळा, प्रत्येक घरात चाकरमानी, प्रत्येक चाकरमान्याचा मिक्सर. आमच्याकडे गणपती गौरीबरोबर जातात, ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी वायरमन काका आले. साठीचे असतील, लायसनवाले, खांद्याला पिशवी, पिशवीत क्लॅम्प मीटर आणि एक होल्डर ज्याच्या दोन वायरी मोकळ्या सोडलेल्या. त्यांनी पहिल्यांदा मशीन नाही बघितलं, वायर बघितली. दोन बोटांत धरून बघितली, जोड बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "ह्या वायरीर तुम्ही ह्या मशीन चालवलात? गणपतीन वाचवल्यान तुमका." मग बोर्डातला प्लग ओढला, काळा पडलेला, काडी जळून कोळसा झालेली. "काडी चूल पेटवूक आसता, प्लगात खोचूक नाय."

मला वाटत होतं मशीनमध्ये लीकेज असेल म्हणून शॉक लागला. त्यांनी मशीनच्या पाटीवरचं चिन्ह दाखवलं, चौकोनात चौकोन. ह्याचा अर्थ डबल इन्सुलेशन, आतल्या वायरीचं एक आवरण आणि त्यावर अजून एक, म्हणून त्याला अर्थची पिन नसते आणि लागत पण नाही. ड्रिल, ग्राइंडर, हेज ट्रिमर सगळ्यांवर बघा, बहुतेक वेळा हेच चिन्ह असतं. म्हणजे सगळ्यात निर्दोष काय होतं तर ज्याला मी एक स्टार देणार होतो ते.

मग जोर का नव्हता? त्यांनी नवीन प्लग बसवून तीच वायर कोरड्या ओटीवर पूर्ण पसरली, जोड कापून नीट केला, आणि मला मशीन लाकडावर चालवायला लावलं. बोर्डावर 208 व्होल्ट, मशीनच्या टोकाला 189. ते म्हणाले बाकीचे वायरीन खाल्ल्यान. घरी परत आल्यावर मी हिशोब मांडून बघितला कारण मला विश्वास बसत नव्हता. 0.75 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण 26 ओहम. चाळीस मीटर जायचे, चाळीस यायचे, झाले दोन ओहमच्या आसपास. 2000 वॉटचं मशीन 9 अँपिअरच्या जवळपास घेतं, म्हणजे 18-19 व्होल्ट वायरीतच पडतात आणि दीडशे वॉटच्या वर उष्णता नुसत्या वायरीत तयार होते. माळांच्या वायरीत! आणि आपल्याकडे मुळातच व्होल्टेज कमी, त्यात हे, मग मोटर तणावाखाली हळू फिरते, जास्त करंट ओढते, तापते, आणि आपण म्हणतो चायना माल.

हीच वायर मी जर गुंडाळी तशीच ठेवून वापरली असती तर अजून वाईट, उष्णता बाहेर पडायला जागाच नाही. रीलवाले एक्स्टेंशन पाच मीटर उघडून बाकी गुंडाळलेलं ठेवून ग्राइंडर चालवणारे मी डोंबिवलीत आमच्या सोसायटीत बघितलेत, आतल्या आत वायरीचं आवरण वितळून एक गोळा होतो. लागो न लागो, रील पूर्ण उलगडायचं.

आता मुख्य काम. काकांनी सांगितलं किटकॅट काढू, एमसीबी टाकू, म्हणजे करंट जास्त झालं की आपोआप पडणारा स्विच, आणि त्याच्या आधी आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळलं की पडणारा. मी म्हटलं एमसीबी आहे ना मग शॉकसाठी तोच पडेल की. माझ्यासारखे बरेच असतील म्हणून लिहितो. एमसीबी किंवा फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 16 च्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाला मारायला अँपिअरचा विसावा-पंचविसावा भाग पण पुरतो. मला झटका लागला तेव्हा फ्यूजच्या दृष्टीने एखादा छोटा बल्ब लागला इतकंच घडलं होतं. आरसीसीबीचं त्यांनी असं समजावलं की सकाळी फाटकातून दहा ढोरं गेली आणि संध्याकाळी नऊच परत आली तर राखण्याने ओळखायचं एक कोणाच्या तरी शेतात शिरलं. फेजने गेलेलं करंट आणि न्यूट्रलने परत आलेलं करंट सारखं पाहिजे. 30 मिलीअँपिअरचा फरक दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत फाटक बंद. मध्ये कुठेतरी माणूस उभा आहे असं धरून चालायचं. दुकानात घेताना त्यावर 30 एमए लिहिलेलं बघून घ्यायचं, 100 आणि 300 वाले पण मिळतात, ते आगीसाठी असतात, आपल्या जिवासाठी नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली. रबरी बूट घालून कोरड्यात उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीला तुम्ही माणूस आहात की पंखा हे कळणार नाही, गेलेली ढोरं सगळी परत येतायत. तेव्हा ते लावलं म्हणून उघड्या जोडाशी खेळायचा परवाना नाही मिळाला.

दुपारी सगळं बसवलं, 40 अँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी, चार एमसीबी. त्याआधी त्यांनी पिशवीतला तो होल्डर काढून बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थला लावून बघितली, अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब न्यूट्रलवर पेटतो तसाच लख्ख पेटतो. आमचा पेटला तो काजव्यासारखा. जांभ्या दगडात ठोकलेला पाइप, पावसाळ्यात ही तऱ्हा तर मे महिन्यात काय असेल. म्हणाले अर्थिंग नवीन करावं लागेल, खड्डा मारायला उद्या माणसं आणतो. (हे बल्ब लावून बघणं त्यांनाच करू दे, आपण करायचं नाही.) आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं, टक्कन पडला. चहा झाला, काका गेले, मी खूश.

तिन्हीसांजेला आईने देवाजवळ दिवा लावला आणि गोठ्यात सरपण आणायला जायचं म्हणून गोठ्याचं बटण दाबलं. अख्खं घर अंधारात.

आरसीसीबी वर केला. पाच मिनिटं ठीक. आईने परत बटण दाबलं, परत अंधार. आता चुलतभाऊ म्हणायला लागला की हे असलं काही लावूच नये, त्यांच्या शेजाऱ्यांनी लावलं होतं, सारखं पडायचं, शेवटी बायपास करून टाकलं. आणि खरं सांगू, सातव्या-आठव्या वेळी मी पण त्याच मतावर आलो होतो. काकांना फोन केला. ते माझ्याशी बोललेच नाहीत, म्हणाले काकींना द्या. "काकी, लाइट गेली तेव्हा खयचा बटण दाबलात?" गोठ्याचा. "ता दाबू नकात. उद्या येतंय."

दुसऱ्या दिवशी ते आले ते सरळ गोठ्यात. गुरं जाऊन बारा वर्षं झाली, आता तिथे सरपण, शेणी आणि माझी शाळेची सायकल. पिवळा 60 चा बल्ब, जुना, आईला एलईडीचा उजेड "दवाखान्यासारखा" वाटतो. काकांनी वर बघितलं, घरापासून गोठ्यापर्यंत हवेतून आलेली वायर बघितली आणि हसायलाच लागले. "येकच वायर इली हा. दुसरी खय आसा?" दुसरी नव्हती. बल्बला फेज घरातून आलेला आणि दुसरं टोक भिंतीवरून खाली उतरून सरळ अर्थिंगच्या पाइपाला बांधलेलं. चाळीस वर्षं तो बल्ब जमिनीच्या भरवशावर पेटत होता. "तुमच्या बाबांनी वायर वाचवल्यानी."

60 वॉटचा बल्ब म्हणजे पाव अँपिअर, अडीचशे मिलीअँपिअर. घरातून गेलं, परत आलं नाही, जमिनीत गेलं. आरसीसीबी पडणार नाही तर काय करणार, त्याचं कामच ते. आम्ही ज्याला खराब म्हणत होतो तो बरोबर सांगत होता की तुमची ढोरं रोज तिन्हीसांजेला दुसऱ्याच्या शेतात जातायत.

आणि मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. आमच्या फ्रिजसमोर एक लाकडी पाट असतो. मी कॉलेजला होतो तेव्हापासून आहे. फ्रिज उघडायचा तर आधी पाटावर उभं राहायचं, हा घरातला नियम, सुना आल्या त्यांना पण पहिल्या दिवशी सांगितला गेला. कारण विचारलं की आई सांगणार, "तिन्हीसांजेक फ्रिज चावता." तिन्हीसांजेलाच का? तर तिन्हीसांजेला काय काय होतं ह्याबद्दल कोकणात थिअऱ्या कमी नाहीत. मी काकांना म्हटलं, फ्रिज. ते आधीच आत गेले होते. गोठ्याचा बल्ब आरसीसीबीच्या आधीच्या वायरीवरून दोन मिनिटांपुरता पेटवला आणि मीटरचं एक टोक फ्रिजच्या दारावर, दुसरं न्हाणीच्या ओल्या जमिनीला. 43 व्होल्ट. बल्ब बंद, शून्य. बल्ब चालू, 43.

म्हणजे असं होत होतं की फ्रिजची अर्थ वायर पण त्याच पाइपाला, आणि तो पाइप जांभ्यात असल्याने करंट नीट जमिनीत मुरत नव्हतं, बल्ब लावला की पाइपच तापलेल्या तव्यासारखा, त्याच्यावर व्होल्टेज चढायचं आणि अर्थच्या वायरीतून उलटं घरात यायचं. जी वायर आपल्याला वाचवायला असते तीच वायर करंट घेऊन यायची. फ्रिज, मिक्सरच्या बोर्डाची पिन, आणि हो, अर्थवालं कुठलंही मशीन मी लावलं असतं तर ते. माझ्याकडे मार्बल कटर असता जुना पत्र्याच्या बॉडीचा तीन पिनांचा, आणि संध्याकाळी आईने गोठ्याचा दिवा लावला असता, तर हातातलं मशीन बंद असूनही चावलं असतं. ह्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो होतो.

आईला सांगितलं. तिला धक्काबिक्का काही बसला नाही. म्हणाली उन्हाळ्यात बल्ब मंद व्हायचा तेव्हा तुझे बाबा त्या पाइपावर कळशीभर पाणी ओतायचे आणि बल्ब परत मोठा व्हायचा, मला वाटायचं पाण्याने कसा पेटतो बघ. ते गेल्यावर ती ओततेय, तुळशीला घालून झालं की उरलेलं पाइपाला. म्हणजे मी विचारलं असतं तर निदान तेव्हाच सगळं कळलं असतं, पण पाण्यावर पेटणारा बल्ब कोण विचारतो.

नवीन अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या मागे केळींच्या खाली मारला, तिथे बाराही महिने न्हाणीचं पाणी जातं, माती काळी आणि ओली. आठ फूट म्हणता म्हणता सहा फुटांवर कातळ लागला, तिथे थांबलो. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, कोळसा, मीठ, थर देऊन. टेस्टचा बल्ब लख्ख पेटला. गोठ्याला दोन तारांची वायर ओढली, जुना पाइप कापून टाकला. आई म्हणाली आता त्याला पाणी नको? मी म्हटलं नको. थोडी हिरमुसली असं वाटलं मला.

मग मशीनसाठी मागच्या पडवीत 16 अँपिअरचा वेगळा बोर्ड, झाकणवाला, वेगळा एमसीबी. चेनसॉचा परदेशी प्लग कापून 16 चा आपला प्लग लावला. कुडाळच्या बाजारातून तीन तारांची 2.5 स्क्वेअर एमएमची जाड रबरासारखी फ्लेक्सिबल वायर 30 मीटर आणली, पडवी जवळ असल्याने तेवढी पुरते. आरसीसीबीपेक्षा त्या वायरीला जास्त पैसे गेले, दुकानदार म्हणाला अहो 1 ची घ्या चालेल, मी म्हटलं नको मला अनुभव आहे. एकच तुकडा, मध्ये जोड नाही. टोकाला जी सॉकेट आहे ती जमिनीवर ठेवायची नाही, मी जांभ्याचा एक चिरा ठेवलाय त्यावर उपडी घमेली घालून त्याखाली.

आणि मग परत फणस. आता आवाजच वेगळा, खणखणीत, लोण्यातून सुरी. पण झटक्यानंतर माणूस हळू होतो ते बरंच असतं, मी पुस्तिका पहिल्यांदा तेव्हा वाचली, पावसात आणि ओल्यात वापरू नका असं पहिल्याच पानावर. सकाळी अकरापर्यंत थांबायचो ऊन पडून गवत वाळेपर्यंत, आणि आधी विळ्याने कापायची जागा आणि वायरीची वाट साफ करून घेतली. रोज सुरू करण्याआधी, प्लग लावायच्या आधी हं, वायर मुठीतून सरकवत टोकापर्यंत जायचं. चौथ्या दिवशी उंदराचे दात सापडले, नव्या वायरीवर, एका रात्रीत. आवरणाच्या आत गेले नव्हते पण तेव्हापासून वायर खुंटीला लटकवतो. काम करताना वायर उजव्या खांद्यावरून मागे, म्हणजे पट्टीच्या समोर ती कधी येतच नाही. प्लग आणि वायर जुळतात तिथे एक सैल गाठ, ओढ बसली तर गाठ ओढली जाते, प्लग निसटत नाही. आणि चेनला हात लावायचा, ताण बघायचा, तेल घालायचं, काही असो, प्लग काढून तो आपल्या डोळ्यासमोर ठेवायचा. बटण बंद आहे ह्यावर नाही विसंबायचं, गावी लाइट जाते-येते.

पट्टीच्या वरच्या टोकाने लाकडाला स्पर्श झाला की मशीन उसळून अंगावर येतं, हे मी एकदा छोट्या डहाळीवर अनुभवलं, पुढचा गार्ड मनगटाला लागून चेन थांबली. तो गार्ड नुसता प्लास्टिकचा तुकडा वाटतो, आहे तसाच राहू द्यावा. आडवी फांदी दोन्हीकडे टेकलेली असेल तर वरून कापत गेलं की काप मिटतो आणि पट्टी आत अडकते, आधी वरून थोडं, मग खालून. माझी दोनदा अडकली, पाचर ठोकून काढली. गॉगल लावा, फणसाचा भुसा डोळ्यात गेला की चीक पण जातो. लुंगी नाही, गळ्यात पंचा नाही. चुलतभाऊ पंचा गुंडाळून आलाच, वर स्वतःचा मार्बल कटर घेऊन, गार्ड काढलेला आणि दगडाच्या चकतीच्या जागी लाकडाची दातेरी चकती बसवलेली, "ह्याने फटाफट होतं". फटाफट होतंच. त्याला म्हटलं तू फांद्या ओढ. त्याच्या खोक्यात ग्राइंडरच्या पातळ चकत्या पण होत्या, मधल्या पत्र्याच्या गोल कडीवर तारीख छापलेली असते ती बघितली तर तीन वर्षांपूर्वी संपलेली, दमट माळ्यावर पडून. चकतीला एक्सपायरी असते हे त्याला मी सांगितलेलं खोटं वाटलं, कडी दाखवली तेव्हा म्हणाला काय ती पण गोळी आहे काय. पण मिनिटाला अकरा हजार फेऱ्या घेणारी गोष्ट फुटली की ती कुठल्या दिशेला जाईल हे गार्ड नसल्यावर कोण ठरवणार. त्याने त्या टाकल्या की नाही माहीत नाही, माझ्यासमोर परत खोक्यात ठेवल्या.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं नाहीतर आतली यंत्रणा जाम होऊ शकते, आणि आमच्याकडे दमट हवा. आईला तारीख लक्षात राहत नाही म्हणून तिने ते संकष्टीला जोडून घेतलं, सकाळी पूजा झाली की स्टुलावर चढून बटण. मग मला फोन, "पडलो." एवढंच. पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मी ऑफिसात उभा राहिलो होतो.

पाणंद मोकळी झाली. लहान फांद्या सरपणाला गेल्या, बुंध्याकडचा जाड भाग पिवळाधमक निघाला, तो सुतार बघून गेलाय, दोन-तीन पाट निघतील म्हणतो. फ्रिजसमोरचा जुना पाट काढायला आई तयार नाही, नवीन आला की तिथेच ठेवणार आहे.